बुसानमध्ये दोघांचं जेवण

आधीच सांगून टाकतो, इथे येणाऱ्या असल्या भुताखेतांच्या लिखाणाचा मी टिंगल करणारा वाचक. असे अनुभव मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचो आणि शेवटी माझं निदान ऐकवायचो — याला पित्त झालेलं, हिची झोप झालेली नव्हती, हा तर सरळसरळ थापा मारतोय. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात मी आयुष्यभर माल तपासण्याचं काम केलं. सुटलेला धागा, पडलेला डाग, वाकडी शिवण... चूक शोधणं हाच धंदा. अमावस्येला आमच्याकडे मशीनपुढे नारळ फोडायचे. माझा विश्वास त्यातल्या खोबऱ्यापुरता. त्यामुळे आज मी लिहायला बसलोय यावर सुनंदाच सगळ्यात जास्त हसली असती.

सुनंदा म्हणजे माझी बायको. ती मागच्या उन्हाळ्यात गेली. पोटाचा कॅन्सर होता.

आमची एकुलती एक मुलगी केतकी कोरियात असते, बुसान नावाच्या शहरात. समुद्राकाठचं मोठं शहर आहे. तिथे ती एका लॅबमध्ये संशोधन करते. ती तिकडे गेल्यापासून सुनंदाला कोरियन मालिकांचा नाद लागला. मोबाईल कुकरला टेकवून ठेवायचा, भाकरी थापत थापत खालची अक्षरं वाचायची, आणि मला विचारायचं, "अहो, हे लोक सारखे जेवतातच का ओ?" त्या जेवणाचं तिला भारी अप्रूप. इतक्या वाट्या, इतके चमचे. लेकीकडे जाऊ तेव्हा एक अख्खा दिवस आपण दोघांनीच बाजारात हिंडायचं, खायचं, खरेदी करायची, केतकीला लुडबुड करू द्यायची नाही, असं तिचं ठरलेलं होतं. त्यासाठी तिने नव्या पेठेतून एक हिरवा स्वेटरही आणला. सोलापुरात स्वेटर घेणं म्हणजे मंगळवेढ्यात छत्री घेण्यासारखं. ती जाण्याच्या आदल्या वर्षी, ऐन मे महिन्यात तिने तो घरात घालून दाखवला, केतकीलाही व्हिडिओ कॉलवर दाखवला, घामाने थबथबली आणि हसत सुटली. लेबल काढू नका म्हणाली, तिकडे गेल्यावर काढू. पुढच्याच महिन्यात पोट दुखायला लागलं. स्वेटर कपाटात राहिला, लेबलासकट.

तिने पुण्याच्या हॉस्पिटलातच प्राण सोडला. केतकी विमानात होती तेव्हाच सगळं आटोपलं. लेकीला आईचं तोंड बघायला मिळालं नाही.

तर असा मी नोव्हेंबरात एकटा बुसानला गेलो. जायचं मन नव्हतं. केतकीने तिकीटच काढून पाठवलं. बॅगेत शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेतल्या, कारण हात हलवत लेकीच्या घरी कसं जायचं. चार दिवस आम्ही दोघं एकमेकांना सांभाळून बोलत राहिलो. आईचा विषय निघाला की ती उठून भांडी घासायची आणि मी खिडकीतून समुद्र बघायचो.

पाचव्या दिवशी तिला लॅबमध्ये जाणं भागच होतं. निघताना म्हणाली, "बाबा, आज तुम्ही एकटेच मार्केट बघून या. आईचं ते... हिंडायचं राहिलं होतं ना. मेट्रो सोपी आहे. मोबाईलमध्ये बोललेलं मराठीत करून दाखवणारं ॲप टाकून दिलंय. फक्त जेवायचं जरा बघा हं. इथे बऱ्याच ठिकाणी एकट्या माणसाला जेवायला देत नाहीत. कालवण, मासे, सगळं दोघांपासून पुढे. नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका. भाताचे रोल कुठेही मिळतील."

मी म्हटलं, बरं आहे, विधुरांना जेवणबंदी. ती हसली नाही.

गुकजे मार्केट म्हणजे आपली नवी पेठच, फक्त दहापट मोठी आणि थंडगार. गल्लीच्या एका बाजूला मोजे, चष्मे, पातेली. दुसऱ्या बाजूला तळणाचे गाडे. मी मफलर गुंडाळून निघालो. एका गाड्यावर गोड पोळीसारखं काहीतरी तळत होते, आत गूळ आणि भाजलेल्या बिया. मी एक बोट दाखवलं. गाड्यावरच्या बाईने कागदी कपात एक पोळी मला दिली, आणि दुसरी माझ्या डाव्या हाताला पुढे केली. तिथे कुणी नव्हतं. मी परत एक बोट दाखवलं. तिने हसून मान डोलावली, हात तसाच पुढे. मला वाटलं, झालं, परदेशी माणूस बघून गळ्यात मारतेय. वाद घालायला भाषा नाही, म्हणून दोन्ही पोळ्या घेतल्या आणि दोन्ही खाल्ल्या.

मोज्यांच्या दुकानात म्हातारा माझ्याशी बोलत होता आणि मधूनच माझ्या डावीकडे बघून किंचित वाकत होता. तिकडची रीत असेल म्हणून सोडून दिलं.

मग आलं कापडाचं दुकान. कापड दिसलं की माझा हात थांबत नाही. मी पोत बघत होतो, तर दुकानदारीण एक निळं कापड घेऊन पुढे आली. माझ्याकडे नाही, माझ्या शेजारी. कापड हवेत धरलं, मान तिरकी करून बघितलं, तोंड वाकडं केलं, परत ठेवलं. मग वांगी रंगाचं काढलं. तेही तसंच धरलं आणि या वेळी खूश होऊन मान हलवली. बाईला कापड लावून बघतात ना, अगदी तसं. आता वांगी रंग म्हणजे सुनंदाचा ठरलेला. तिच्या लुगड्यांच्या कप्प्यात निम्मा वांगीच. पण मी आयुष्यभर चुका शोधलेला माणूस — मी स्वतःला सांगितलं, या बाईची नजर तिरळी आहे. कापड घेतलं आणि बाहेर पडलो.

जेवायला एका माशांच्या छोट्या खाणावळीत शिरलो, नाही म्हणाले तर बाहेर पडायचं या हिशोबाने. एप्रन घातलेल्या, आपल्याकडच्या मावशींसारख्याच जाडजूड मावशी पुढे आल्या. एकटा म्हणून हाकलतील असं वाटलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, शेजारी बघितलं, दोन बोटं दाखवली आणि कोपऱ्यातलं टेबल दिलं. थोड्या वेळाने भाजलेला मासा, पाच-सहा वाट्या भाज्या-लोणची, भाताच्या दोन वाट्या, दोन चमचे. एक वाटी माझ्यापुढे, एक समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे. मावशींनी माशाचा मऊ भाग काट्यांपासून सोडवला आणि समोरच्या वाटीत ठेवला.

मी जेवायला लागलो. भूक होती, खोटं कशाला बोलू. अर्ध्या जेवणात मावशी परत आल्या, खुर्चीशी वाकून काहीतरी बोलल्या, आणि मग काळजीने माझ्याकडे बघून तेच बोलल्या. मी मोबाईल पुढे केला. त्या परत बोलल्या. स्क्रीनवर मराठीत आलं — 'तुमच्या मिसेस काहीच खात नाहीत. बऱ्या नाहीत का?'

शेवटचे काही महिने सुनंदाचं खाणं तुटलेलं होतं. घरी येणारा प्रत्येक माणूस मला हेच विचारायचा.

ॲप चुकलं असेल म्हणून मी मावशींना परत बोलायला लावलं. परत तेच. मग मी जे विचारलं ते विचारताना माझाच आवाज मला ओळखू येत नव्हता. मी मोबाईलमध्ये बोललो, "त्यांनी काय घातलंय?"

मावशींना प्रश्न विचित्र वाटला असणार. त्यांनी खुर्चीकडे बघितलं आणि सहज सांगितलं. स्क्रीनवर आलं — 'हिरवा स्वेटर. छान आहे. पण लेबल काढायचं राहिलंय.' आणि त्या हसून स्वतःच्या मानेमागे बोट लावून दाखवायला लागल्या.

मी रडलो. भर दुपारी, चारचौघांत, परक्या देशात, तोंडात भाताचा घास असताना रडलो. मला ती दिसत नव्हती... हे तुम्हाला कसं सांगू. सगळ्यांना दिसत होती. गाडेवालीला दिसत होती, त्या मोजेवाल्या म्हाताऱ्याला दिसत होती. जिने माझ्याबरोबर एवढा संसार केला ती मला सोडून सगळ्या गावाला दिसत होती. माझ्यासमोर फक्त स्टीलची खुर्ची आणि निवत चाललेला भात. मी म्हटलं, "सुनंदा, दोन घास तरी खा." काही नाही. हॉस्पिटलात म्हणायचो तसंच म्हटलं, आणि तेव्हासारखंच काही झालं नाही.

पण बाहेर पडलो तेव्हा मी आनंदात होतो. वेड्यासारखा आनंदात होतो, कबूल करतो. गर्दीत तिला धक्का लागू नये म्हणून डाव्या हाताला जागा ठेवून चालत होतो. दुकानांपुढे थांबत होतो. "हे बघितलंस का? ही पातेली बघ, आपल्याकडे असली नाहीत." लोक वळून बघत नव्हते. नवरा-बायको हिंडतायत त्यात काय बघायचं?

केतकीला फोन करावा असं दोनदा मनात आलं. पण ती कामात असेल. आणि खरं म्हणजे माझं वेगळंच ठरलं होतं. संध्याकाळी तिला जेवायला बोलवायचं, कशाला ते सांगायचं नाही, आणि तिघांचं टेबल घ्यायचं. मावशी सांगतील तिला, आई कशी दिसते ते.

मार्केटच्या वर टेकडीवर एक बाग आहे, तिथे बाकावर बसलो. बसलो, असंच म्हणतो. वांगी कापड पिशवीत होतं. सुनंदाला ते द्यावं असं वाटलं. पण आमच्या घरात बाईला कापड नुसतं देत नाहीत. सुनंदाला मी जन्मभर बघत आलो. घरी आलेल्या बाईला खण द्यायची तर वर तांदूळ, नारळ असायचाच. मला रीतभात एवढीच माहिती, स्वयंपाकघराच्या दारातून बघितलेली. म्हटलं, द्यायचं तर नीट देऊ, नाहीतर म्हणेल, तुम्हाला काही कळत नाही. खाली जाऊन तांदळाचं छोटं पाकीट आणलं. नारळ कुठे मिळणार? पण तिकडची नाशपाती नारळाएवढी असते, ती एक घेतली. बाकावर माझ्या डाव्या बाजूला कापड ठेवलं, त्यावर ओंजळभर तांदूळ, त्यावर नाशपाती. हात जोडावेत की नाही कळेना, तरी जोडले. म्हटलं, "घे."

कबुतरं आली आणि तांदूळ टिपायला लागली. बाकी काही झालं नाही. ऊन कलतं होतं, मला बरं वाटत होतं. काही वेळाने मी ते कापड घडी करून पिशवीत ठेवलं आणि तिला म्हटलं, "चल, भूक लागली असेल. आता तरी जेव."

खाली एका रश्श्याच्या हॉटेलात गेलो. ऐटीत दोन बोटं दाखवली. मालकाने माझ्यामागे बघितलं. मग दाराकडे बघितलं, कुणी येतंय का म्हणून. मग एक बोट वर केलं आणि दोन्ही हात छातीपुढे फुलीसारखे धरले. एकट्याला नाही. मी परत दोन बोटं दाखवली, डावीकडे हात केला. त्याने तिकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्या तोंडावर जी कीव आली ती मी विसरणार नाही.

पुढच्या हॉटेलातही फुली. त्याच्या पुढच्या हॉटेलातही. मी कापडाच्या दुकानात पळत गेलो. ती बाई मला बघून हसली, फक्त मला बघून. पोळीच्या गाड्यावर गेलो. एक कप, एक पोळी.

शेवटी माशांच्या खाणावळीत गेलो. मावशींनी दार उघडलं, ओळखीचं हसल्या, माझ्या शेजारी बघितलं आणि काहीतरी विचारलं. मोबाईल काढायचा धीर होत नव्हता, तरी काढला. 'मिसेस गेल्या का?'

तिथे बसून मी केतकीला फोन केला. ती धापा टाकत आली. मी सगळं सांगितलं, तुटक तुटक. मला वाटलं माझ्या कपाळाला हात लावून बघेल, डॉक्टरकडे नेईल. शास्त्र शिकलेली मुलगी. ती सरळ मावशींकडे वळली आणि त्यांच्या भाषेत विचारत राहिली. मावशी सांगत होत्या, हातवारे करत होत्या. एकदा मानेमागे बोट लावलं. एकदा हाताने उंची दाखवली. एकदा जेवताना पदर सावरतात तसा खांद्यावरून हात फिरवला, स्वेटरवर पदर नसतो तरी. सुनंदाचा हात असाच फिरायचा, ड्रेस घातला तरी.

केतकी उठून बाहेर गेली. मी मागे गेलो. दुकानांची शटर पडायला लागली होती. ती एकेका गल्लीत शिरत होती, दोन्हीकडे बघत होती, आणि सगळी लाजलज्जा सोडून हाका मारत होती. "आई. ए आई." कुणीतरी लहान मूल हरवलंय असं समजून एक-दोन दुकानदार मदतीला आले. काय हरवलंय ते तिला सांगता येईना.

गल्लीच्या टोकाला ती पायरीवर बसली. म्हणाली, "बाबा, दुपारीच का नाही फोन केलात? मी लॅब टाकून आले असते. ती दिवसभर इथे होती... मी अर्ध्या तासावर होते." माझ्याकडे उत्तर होतं, संध्याकाळचं, तिघांच्या टेबलाचं. ते मी दिलं. ते ऐकून ती जे रडली, ते आईच्या वेळी रडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मंगळवेढ्याला धाकट्या बहिणीला, मंदाला फोन लावला. कुणाशी तरी बोलायलाच हवं होतं. मंदाने सगळं ऐकून घेतलं. तिला काहीच नवल वाटलं नाही. बाकावर काय काय ठेवलंस, ते तेवढं परत परत विचारलं. मग म्हणाली,

"दादा, आरं ती वहिनीची ओटी भरलीस तू."

मी म्हटलं, म्हणजे काय?

"सवाष्ण गेली की तिची ओटी भरून लावून देत्यात. वहिनीची ऱ्हायली हुती. पुण्यास्नं गाडी आली ती तशीच तुमी घाटावर नेली, आमी बायका तितं तुज्या घरात वाट बघत बसलो. मला किती दिस लागून ऱ्हायलं हुतं. कुणाला बोलले न्हाय. तुला न्हाय पटत असलं, मनून तुला बी न्हाय."

"मी नुसतं कापड दिलं गं. तिला आवडायचं म्हणून."

"व्हय की. पर भरली गेली. माहेरवाशीण ओटी भरून परत येती. गेलेल्या बाईची येकदाच भरत्यात, मग ती फिरून येत न्हाय." मग मंदा रडायला लागली, पण समाधानाने. "लई चांगलं झालं दादा. तुज्या हातानं झालं. सुटली बिचारी."

सगळे हेच म्हणतात. ज्या दोन-तीन जवळच्यांना सांगितलं ते सगळेच म्हणतात, शांती मिळाली, तुम्ही भाग्यवान. मला तिची शांती नको होती. मला ती समोरच्या खुर्चीवर हवी होती, न जेवता, न दिसता, कशीही. मला काही सोडवायचं नव्हतं कुणाला.

सोलापूरला आल्यावर पहिल्यांदा कपाट उघडलं. हिरवा स्वेटर तिथेच आहे, घडीत, लेबलासकट. तो बुसानला गेला नव्हता. मी नेला नव्हता, केतकीने मागवला नव्हता. मग मावशींनी काय बघितलं? मला माहीत नाही. चूक शोधायची म्हणून मी तो सगळा दिवस किती वेळा उलटसुलट तपासला. ॲप, भाषा, माझं दुःख, त्या लोकांचा चांगुलपणा, सगळं लावून बघितलं. कशानेच लेबलाचा हिशोब लागत नाही. तुमच्यापैकी कुणाला लागला तर मला कळवू नका. आता मला निदान नको आहे.

हे इथे लिहिलं कारण केतकी मराठी फारसं वाचत नाही. ती आता दर शनिवारी त्या खाणावळीत जाते. दोघांचं जेवण मागते. मावशी समोर दुसरी वाटी ठेवतात, पण खुर्चीकडे बघत नाहीत, असं तिने मला सांगितलं. तरी ती जाते. आणि रविवारी फोनवर न चुकता विचारते, "बाबा, एकदा आली म्हणजे परत येईल ना ती? तुम्हाला काय वाटतं?"

मंदाने सांगितलेलं मी तिला सांगितलेलं नाही. मी म्हणतो, "जात राहा बाळा. येईल."